तुझ्यासाठी दोन मिनिटं

रविवार, १४ तारीख
दुपार

ताई,

दोन मिनिटं होऊन गेली होती, तरी कुणी खाली बसत नव्हतं. अकरा माणसं, माना खाली, हात पुढे गुंफलेले. पंखा चालू होता. बसचालकाच्या हातातला कागद फडफडायला लागला, तसा त्याने तो अंगठ्याने दाबून धरला. मीही उभी होते. शेवटी शिंपीणबाई खोकल्या आणि सगळे बसले.

ते तुझ्यासाठी उभे होते.

सांगते. आधी रीतीप्रमाणे नमस्कार. तू बरी असशील. भाऊजींचा गुडघा कसा आहे? पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, तीनदा मागितल्यावर दिला.

मी बरी आहे. मागच्या खोलीला रंग दिला. दंतवैद्याकडचं काम चालू आहे. हल्ली कवळ्या बाहेरून तयार येतात, पण बसत नाहीत तेव्हा माझ्याकडेच येतात. परवा एक आजोबा तक्रार घेऊन आले, की नवी कवळी घातल्यापासून बायको आपल्याला ओळखत नाही. मी दोन ठिकाणी घासून दिली. दुसऱ्या दिवशी सांगायला आले: आता ओळखते, आणि पूर्वीसारखीच बोलत नाही. हे तुला सांगायचं होतं. कामावरून घरी येताना मी रोज तुला सांगायचं म्हणून काहीतरी मनात धरून येते. कुलूप उघडलं की आठवतं, आपलं बोलणं नाही.

सहा वर्षांत असं बरंच साठलं, म्हणून तीन महिन्यांपूर्वी मी लिहिणाऱ्यांच्या मंडळात गेले. वाचनालयाच्या वरच्या खोलीत, शनिवारी चारला. मंडळ चालवतात ते म्हातारे गृहस्थ छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. सगळे त्यांना जुळारी म्हणतात. लेखक तिथे कुणीच नाही. लिहिणारे सगळे आहेत.

नव्या माणसाने ओळख करून द्यायची त्यांची एक रीत आहे. नाव-गाव, नोकरी काही सांगायचं नाही. आपल्याला लिहायला कुणी लावलं, तेवढंच सांगायचं. त्या दिवशी आम्ही चौघं नवे होतो. बसचालक म्हणाला, मला शेवटच्या थांब्याने लावलं, गाडी तिथे वीस मिनिटं उभी असते. औषधांच्या दुकानातला माणूस म्हणाला, मला डॉक्टरांच्या अक्षराने लावलं, दिवसभर ते वाचल्यावर आपण काहीतरी वाचता येईल असं लिहावं वाटतं. शिंपीणबाईंनी सरळ सांगितलं की मला कुणी लावलं नाही, उलट घरातल्या सगळ्यांनी अडवलं, म्हणून आले.

मग माझी पाळी. मी म्हटलं, मला माझ्या ताईने लावलं. ती आईला पत्रं लिहायची, मी ती वाचून दाखवायचे. फार सुंदर लिहायची.

जुळाऱ्यांनी जरा थांबून विचारलं, "त्या आता हयात नाहीत का?"

मी मान हलवली. नाहीत.

गडबडीत नाही हलवली, ताई. प्रश्न नीट ऐकला होता. विचार करायला वेळही मिळाला होता. ताई आहे, पण माझ्याशी बोलत नाही, असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता ते मला ठाऊक होतं. मेलेल्या माणसाबद्दल लोक तो विचारत नाहीत. ते उभे राहिले.

तेव्हापासून सगळे मला जपतात. शिंपीणबाई माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची धरून ठेवतात. औषधवाला दोनदा म्हणाला, ताईंची पत्रं आहेत ना तुमच्याकडे, वाचा की. मी वाचली. तुझ्या घरमालकिणीची मांजर वाचली, रेडिओवर बातम्या लागल्या की खोलीत येऊन बसणारी आणि हवामानाचा अंदाज झाला की उठून जाणारी. सगळे हसले. बसचालकाने डोळे पुसले. मंडळ दरवर्षी एक छोटं पुस्तक काढतं. त्यात मांजर आधी घ्यायची आणि पहिलं पान तुझ्या स्मृतीला द्यायचं, असं काल ठरलं. जुळाऱ्यांच्या घरी लहानसं यंत्र आहे. छपाई ते स्वतः करतात.

घरी आले. तुझ्या पत्रांची पिशवी काढली. सगळी पत्रं पुन्हा वाचली. म्हणून हे लिहिते आहे.

तुझ्या घरमालकिणीकडे मांजर नव्हती, ताई. तुला माहीतच आहे. पत्रं तू रुग्णालयातल्या कामावरून दमून आल्यावर लिहायचीस. औषध वेळेवर घे, उन्हात जाऊ नकोस, मी ठीक आहे. अर्धं पानसुद्धा नाही. आईला दिसत नव्हतं आणि फोन कानाला लावला की ती घाबरायची, म्हणून ही पत्रं. ऐकून झालं की म्हणायची, "एवढंच?" पहिल्या वर्षी मी म्हणायचे, एवढंच. मग एकदा तिचा चेहरा बघून म्हटलं, "थांब, मागे आहे."

मागे काही नव्हतं. मी कोऱ्या बाजूवरून वाचलं.

त्यानंतर दर पत्राला मागची बाजू असायची. तुझा लिफ्टवाला, पगडीसारखं बँडेज मिरवणारा तुझा रुग्ण, ही मांजर. आई हसायची आणि मला ऐकवायची, "थोरलीला किती सुचतं बघ. नाहीतर तू." मी चहा टाकायला जायचे. माझीच वाक्यं मला तुझ्या नावाने टोचायची, आणि पुढच्या आठवड्यात मी आणखी चांगली करायचे. मला लिहायला कुणी लावलं, याचं खरं उत्तर हे आहे. मंडळात मी ते अर्धंच सांगितलं.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. कपडे वाळत घातले. परत बसले.

आईच्या शेवटच्या आठवड्यात सोमवारी तुझा फोन आला. येऊ का, विचारलंस. मी म्हटलं, बरी आहे, घाई नाही, सुट्टी वाया घालवू नकोस. ते तुला माहीत आहे. त्याचाच तुला राग आहे. त्याच्या पुढचं तुला माहीत नाही.

मंगळवारी तुझं पत्र आलं. तू आधीच टाकलेलं. ते सोबत ठेवलं आहे, तुझंच आहे. तिसरी ओळ बघ. "धाकटी म्हणेल घाई नाही. आई, तू सांग. तू म्हणालीस तर त्याच दिवशी निघते."

मी पहिल्या दोन ओळी वाचल्या. तिसरी वाचली नाही. मांजर वाचली. तिला पिल्लं झाली होती, आणि सगळी हवामानाला उठून जात होती. आई हसली, ठसका लागला, पाणी दिलं. मग तिने विचारलं, "यायचं काही लिहिलंय?"

मी कागद उलटा केला. पुन्हा सुलटा केला. म्हटलं, "नाही."

बुधवारी पुन्हा विचारलं. "तिला ये म्हणावं." मी म्हटलं, कळवते. गुरुवारी तुझं नाव घेऊन तेच पुन्हा म्हणाली.

शुक्रवारी ती गेली. संध्याकाळी तू दारात उभी राहून विचारलंस, तिने मला बोलावलं नाही का. मी म्हटलं, तिला शुद्ध नव्हती. होती, ताई. गुरुवारी दिवे लागेपर्यंत होती. तुला वाटतं आईने तुझी आठवण काढली नाही. मावशी सांगते, तू अजून तिला तेच विचारतेस. सहा वर्षं तू जे बाळगते आहेस ते मी तुझ्या हातात ठेवलं.

का केलं? नऊ वर्षं तिचं अंग मी पुसलं, नखं मी काढली, आणि वाट ती तुझी बघायची. तू आली असतीस तर ते शेवटचे चार दिवस तुझे झाले असते. मला ते माझे हवे होते. मिळाले. त्या चार दिवसांत ती फक्त तुझ्याबद्दल बोलली.

तू लहानपणी कशी चालायला उशिरा लागलीस. तुझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी तू रडली नाहीस, घरी राहिलेली मीच कशी रडले. तिच्या सगळ्या साड्यांत तुला कोणती आवडायची. हे सगळं माझ्याकडे आहे. तुझं आहे आणि माझ्याकडे पडून आहे. ते लिहून पाठवता येण्यासारखं नाही. ते समोर बसून सांगायला हवं, तिच्या आवाजात, तू मधे मधे "गप ग, असं नव्हतं" म्हणशील तसं.

उद्या सकाळी लवकर जुळाऱ्यांकडे जाऊन ते पान थांबवायला सांगणार आहे. मंडळात काय म्हणतील ते म्हणोत. खिडकीजवळची खुर्ची जाईल.

माफी मागायला बसले होते. पण तू माफ कर किंवा नको करूस, आईने तुला बोलावलं होतं हे आधी तुझ्याकडे पोचायला हवं. दोनदा बोलावलं. स्पष्ट आवाजात. तुझं नाव घेऊन.

मला वाटलं होतं, तू जिथे असशील तिथे सुखाने आहेस एवढं मला पुरे आहे असं शेवटी लिहीन. पुरे नाही.

तुझ्या आईचा निरोप सहा वर्षं उशिरा देणारी,
धाकटी


सोमवार, सकाळ

जुळाऱ्यांनी कालच छापून ठेवलं होतं. साठ प्रती, पिना मारून, टेबलावर. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बहीण आहे ना?" विचारलं. मी म्हटलं, आहे. "मग कापू या," म्हणाले, आणि खणातून दोन पाती काढून एक मला दिलं. दहा वाजेपर्यंत आम्ही साठही प्रतींचं पहिलं पान कापून काढलं. आता हे पत्र टाकून कामावर जाते.