परक्या अंत्यविधीतलं उत्तम संगीत

सॉल्टपाँड,
रविवार, चर्चमधून आल्यावर

ती. फीफीदादास,

धाकट्या मान्साचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी अजून तुला बिनमिठाचं जेवायला घालते का? (घालावं.) मी बरी आहे. उत्तरेकडची धूळ यंदा लवकर आली, म्हणजे तुमच्या तामालेची निम्मी जमीन सध्या माझ्या पलंगाखाली आहे. हवी असेल तर येऊन घेऊन जा.

तू विचारलंस, तिकडे हल्ली वाचण्यासारखं, ऐकण्यासारखं, पाहण्यासारखं काय आहे. सिनेमे दोन फार चांगले पाहिले, पण अर्धेच. पानयिनच्या सलूनमध्ये टीव्ही आहे, आणि माझे केस आता इतके विरळ झालेत की कथानक जरा तापतंय तोवर ती माझ्या वेण्या घालून मोकळी होते. एकात सासू सुनेच्या पेल्यात काहीतरी टाकते. काय टाकते ते कळलं तर कळव. पुस्तक एकच, लॉरी चालवणाऱ्या बाईची कादंबरी. शेजारची शिक्षिका बदली होऊन गेली तेव्हा मागे टाकून गेली. जरूर मिळवून वाच. (शेवटची पानं नाहीत. पण बाई खंबीर आहे, तिचं बरंच झालं असणार.)

संगीत मात्र पुरतं ऐकलं, आणि ते ऐकता ऐकता जे झालं ते तुला कळवणं भाग आहे, कारण त्यात तू आहेस. गेल्या महिन्यात एका शनिवारी मी मासळी घेऊन बाजारातून परतत होते. चॅपलच्या मैदानात मांडव, खुर्च्या आणि कोणा कोब्बिना अमिसा नावाच्या सुताराचा अंत्यविधी. मी त्याला ओळखत नव्हते. पण आतून गाणं ऐकू आलं आणि पाय थांबले. योगायोगाने काळंच नेसले होते (बाकीचं धुवायला होतं), तेव्हा मागच्या खुर्चीवर बसले, मासळी खुर्चीखाली. दादा, त्या गाणाऱ्यांत एक जाड बाई होती, तिचा खालचा सूर असा होता की मी रडायला लागले, आणि थांबता येईना. कार्यक्रम चालवणाऱ्या माणसाने ते पाहिलं. घरच्यांपेक्षा ही जास्त रडते, म्हणजे फार जवळची असणार, असा हिशेब करून त्याने सरळ माझ्या हातात माइक दिला.

आता त्या अमिसाबद्दल मी काय सांगणार? मग तुझंच सांगितलं. की हा मला पुस्तकं आणून द्यायचा, पण नुसती द्यायचा नाही. अर्धी गोष्ट स्वतः सांगायचा, ऐन मोक्याला गप्प व्हायचा आणि पुस्तक उशाशी ठेवून निघून जायचा. (तुझं नाव घेतलं नाही, एवढी शुद्ध होती.) मांडवात हुंदके सुरू झाले. पाळकांनी तर तोच धागा धरला आणि अमिसा आपली गोष्ट अर्धी ठेवून गेला यावर लांबलचक प्रवचन दिलं. तू फार सुरेख पुरला गेलास.

पुढच्या बुधवारी त्याची विधवा, एकुआबाई, पत्ता काढत माझ्या दारात. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “माझ्या नवऱ्याला अक्षर ओळखता येत नव्हतं.”

मी म्हटलं, “मी माझ्या भावाबद्दल बोलले.”

“तो कधी वारला?”

“तो तामालेला असतो. गुडघा दुखतो त्याचा.”

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. मला वाटलं, आता उठेल आणि गल्लीभर सांगेल. पण ती म्हणाली, सगळ्यांनी येऊन एवढंच सांगितलं की अमिसा वेळेवर कामाला यायचा. तुमचं ऐकलं आणि इतका राग आला त्याचा, की इतकी वर्षं एका घरात राहून मला एक गोष्ट सांगितली नाही. एवढं म्हणून हसली, मग रडली, मग म्हणाली, “ती अर्धी गोष्ट काय होती, ते तरी सांगा.” मी लॉरीवाल्या बाईची कादंबरी काढली आणि अंधार पडेपर्यंत वाचून दाखवली. आता ती दर बुधवारी येते. मी मक्याचं केंके आणि तळलेली मासळी करते, आम्ही वाचतो, त्या बाईच्या नवऱ्यांना नावं ठेवतो. वेळ कसा जातो कळत नाही.

तर दादा, संगीत ऐकायचं असेल तर अंत्यविधीला जावं, आणि मागे बसून अजिबात रडू नये. वहिनीला नमस्कार.

भर मांडवात तुला निरोप देऊन आलेली,
मान्सा

ता. क. – माझी काळजी करू नकोस. इथे माणसांची ये-जा भरपूर आहे.

आणखी एक – एकुआबाई दर बुधवारी येते असं वर लिहिलंय, तसं नाही. ती एकदाच आली. मग मुलाने तिला कुमासीला नेलं. बुधवारी मी वाचते मात्र, मोठ्याने, खिडकी उघडी ठेवून.

शेवटचं – तुझ्याकडची चांगली पुस्तकं मला हवी आहेत. पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये.