दोन भुजांमधला ठिपका

१० नोव्हेंबर २००४

घाईघाईनं लिहितेय! अक्षर कसं वाकडंतिकडं येतंय, येऊ दे.

नागभीडला विक्कीभाऊच्या कॉम्प्युटर क्लासला दिवाळीची सुट्टी, म्हणून एक मशीन मला मिळाली. पुण्याच्या संशोधन संस्थेतल्या माझ्या सरांनी सीडी पाठवलीय – जवळच्याच एका सर्पिल दीर्घिकेची मोजणी, दुर्बिणीनं निरनिराळ्या दिवशी घेतलेली. सगळे दिवस एकावर एक जोडायचे, मग तिच्यातला रेणूंचा थंड वायू कुठं कुठं साचलाय ते दिसतं. तारे जन्मतात ते याच वायूतून.

हा वायू असतो दीर्घिकेच्या वळणदार भुजांच्या कडेकडेनं. दोन भुजांच्या मधे जवळजवळ नाहीच. अन् तिथंच, मोकळ्या जागेत, एक ठसठशीत ठिपका! एवढा वायू तिथं गोळा झाला तरी कसा? मला माहीत नाही. कोणालाच माहीत नसेल! बाई गं, काय मजा आहे!

११ नोव्हेंबर

एसटीडीवरून सरांच्या घरी फोन. एरवी नुसतं हूं-हूं करणारा माणूस, आज आनंदानं चक्क ओरडला! "खरं निघालं तर जानेवारीत इकडेच ये, संशोधनाला. पण आधी नीट तपास." तपासते, सर! नाहीतर आहेच माझी शाळेतली तासिकेवरची मास्तरकी.

१४ नोव्हेंबर

आईच्या पोटात काही राहत नाही. बोअरिंगवर पाणी भरता भरता बोलली, अन् संध्याकाळी गुणवंतराव दारात! दिवाळीनंतरच्या गावजत्रेची, मंडईची, कमिटी त्यांच्याकडे. यंदाच्या मंडईत, नाटकाआधी, स्टेजवर माझा सत्कार – ठरलंसुद्धा! ऑटोला भोंगा बांधून गावोगाव सांगून राह्यले: "आपल्या गावच्या कन्येनं नवा तारा शोधला!"

मी म्हटलं, काका, तारा नाही हो, वायू.

"गॅस म्हटलं तं लोकाईले सिलिंडर वाटते, बाई. ताराच राहू दे."

हसून हसून पोट दुखलं. बाबा मासे विकून येताना नवा सदरा घेऊन आले.

१६ नोव्हेंबर

शेजारच्या वच्छलाबाई: "तुह्या ताऱ्यानं माह्या पोरीचं लग्न जमते का पाह्य ना!"

१८ नोव्हेंबर

सत्कार झाला. झाला अन् सगळं बिनसलं.

दुपारी विक्कीभाऊ आला, रुसलेला. "माह्यं नाव काऊन नाई घेत भोंग्यात? त्या दिवशी तू जेवाले गेल्ती, तवा लाइट गेली. आल्यावर मीच पुन्हा चालू करून देल्लं न सगळं!"

पुन्हा चालू केलं – म्हणजे अर्धवट बेरीज मशीनमधे तशीच, अन् तिच्यावर पहिल्यापासून सगळं परत. सुरुवातीचे दिवस दोनदा जोडले गेले! त्या दिवसांच्या मोजणीतला कचराही दुप्पट. माझा ठिपका म्हणजे तोच कचरा असेल तर? लगेच पुन्हा चालवावं, तर नागभीडला लाइट नाही. आग लागो त्या लोडशेडिंगला!

संध्याकाळी जनरेटर लावून स्टेज. बाबा जन्मभर मंडईचं नाटक ताडपत्रीवर बसून पाहणारे. आज नव्या सदऱ्यात, पहिल्या रांगेत, खुर्चीवर! शाल पडली, नारळ आला, माइक हातात आला. गप्प बसावं वाटलं. कोणाला कळणार होतं? पण खोटं बोलवेना. सांगून टाकलं – चूक झाली असेल, बहुतेक चूकच आहे, मी काही शोधलेलं नाही.

मागून कोणीतरी, "नाटक चालू करा ना बे!"

गुणवंतराव कानाशी आले. "आंगावर शाल टाकल्यावर सांगतं का, बाई?"

मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीवरून उठले अन् मागे ताडपत्रीवर जाऊन बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "नारळ वापस कर. शाल राहू दे, थंडी पडून राह्यली."

१९ नोव्हेंबर

दिवसभर लाइट नाही. बाबा जाळं खांद्यावर टाकून निघाले. दारातून मागे न पाहताच म्हणाले, "मले आधी सांगाचं होतं न, बाई. मी खुर्चीवर बसलोच नसतो."

काल दुपारी कळलं तेव्हा सांगता आलं असतं. घाबरले अन् राहिलं.

२० नोव्हेंबर

लाइट! जुनं सगळं पुसलं, पहिल्यापासून एकेक दिवस जोडला. जेवायला उठले नाही. विक्कीभाऊला तर जवळही फिरकू दिलं नाही.

ठिपका आहे!! फिका झालाय, निम्म्यावर आलाय – पण आहे! भुजांच्या मधोमध, तिथंच!

गावात आता कोणी खरं मानणार नाही. न मानोत. सरांना फोन नंतर. बाबा तलावावर आहेत – आधी त्यांना. निघाले.