अंतिम रेषेवरची मिठी

प्रिय नोरीन,

डब्लिनला बौद्धिक अपंगत्व असलेल्या विशेष खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत मी आठवडाभर स्वयंसेविका होते. शर्यत संपवून येणाऱ्या प्रत्येकाला मिठी मारायची, एवढंच माझं काम. कितीतरी चेहरे थेट तुझ्यासारखे होते.

चहाच्या वेळी सोबतची मोनिका म्हणाली, "डिम्फ्ना, इतक्या मिठ्या नवऱ्याला तरी मारल्यास का गं? तुझं कुणी आहे का यांच्यात?"

"छे गं," मी म्हणाले.

आपल्या आयर्लंडमध्ये चहाही दोनदा नाकारून तिसऱ्यांदा घेतात. तू मात्र पहिल्यांदाच "हो, आणि केकपण" म्हणायचीस. चर्चच्या फादरांसमोर शोभा नको म्हणून आईने तुला नन्सच्या आश्रमात ठेवलं. त्याबद्दल मी तिला जन्मभर फटकारलं.

मोनिकाने पुन्हा विचारलं असतं तर खरं बोलले असते, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण तिसऱ्यांदाही मी नाहीच म्हणाले असते.

तुला वाचता येत नाही. हे पत्र सिस्टर मोठ्याने वाचतील आणि माझं "छे गं" सगळ्या आश्रमाला कळेल, म्हणून टपालात टाकत नाही. म्हणजे आजही मी माझीच अब्रू सांभाळते आहे.

तुझी थोरली बहीण,
डिम्फ्ना