घरकोंबड्यांच्या बेटावर एक दर्यावर्दी

८ मार्च
घर सोडलं त्याला महिना होत आला आणि आज पहिलं पान. रोज लिहिणार होतो. पण खरा भटक्या जगतो, लिहीत बसत नाही. शिवाय पेन्सिलीला टोक नव्हतं.
प्लॅन पक्का: बोटीनं पार दक्षिण टोकाला मॅगेलनच्या सामुद्रधुनीपर्यंत, तिथून पायी, मग जग. घरी पुन्हा पाऊल नाही. निघताना आई म्हणाली होती, “उबाल्दो, चुलीची ऊब सोडून तुझा निभाव लागला तर मी नाव बदलीन.” शोध म्हणावं नवीन नाव.
आजवरचा प्रवास: घरासमोरची खाडी ओलांडली. सुरुवातीला पुष्कळ आहे.

१० मार्च
या बेटावरचे लोक निव्वळ घरकोंबडे. बटाटे, मेंढ्या, पाऊस. चौथा विषय नाही. डॉन अर्सेनियो त्यांच्या लाँचवर मला खलाशी म्हणून घेणार आहेत. इंजिन दुरुस्त झालं आणि मोठी भरती आली की दक्षिणेला. तोवर मी लाँचमध्येच झोपतो. आज गाठी मारायला शिकणार होतो, पण शेजारच्या डुकरिणीला पिल्लं झाली.

१३ मार्च, सकाळ
धुकं उठलं की पलीकडे आमचं घर दिसतं. मी मुद्दाम तिकडे पाठ करून माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पितो. अर्सेनियो म्हणाले, “लेका, बघत नाहीस, तर आईनं चूल पेटवल्याचं रोज मला कसं सांगतोस?” असल्यांना उत्तर देणं कमीपणाचं.
(पेटवली होती.)

१७ मार्च
दगाबाजी! इंजिन सुरू झालं, भरती परवावर आली, आणि म्हाताऱ्यानं लाँच दिली एका घराला! पलीकडची कुणी बाई घर इकडे हलवतेय. आमच्याकडची तीच जुनी मिंगा: घराखाली ओंडके, पुढे बैल, गाव दोराला, मग लाकडी घर तसंच पाण्यात तरंगत सोडायचं आणि लाँचनं ओढायचं. मजुरी म्हणजे पोटभर जेवण. निघायचं तर घर मागे टाकून निघावं! हे गोगलगाईचे भाऊबंद! मी म्हटलं, आधी दक्षिणेला चला. तर म्हणतात, “सामुद्रधुनी पळून जात नाही रे. भरती जाते.”
बाई कोण, ते विचारलं नाही. असल्या बाईचं नाव काय करायचंय?

१८ मार्च
आमच्या धुराड्यातून धूर नाही. उशिरा उठली असेल. मला काय त्याचं.
दुपारी पण नाही.
संध्याकाळी टेकडीवरून नीट बघणार होतो, वाटेत कुणीतरी सफरचंदाची दारू काढली. आता निर्णय: लाँच गेली खड्ड्यात, उद्या दक्षिणेला पायी निघायचं.
रात्री लक्षात आलं, हे बेट आहे.

१९ मार्च
दाट धुकं. सगळं गाव किनाऱ्यावर. खड्ड्यात तापल्या दगडांवर शिंपले, मांस, बटाटे रचलेत. मी दोराला हात लावणार नाही. जेवीन मात्र, पाहुण्याचा मान असतो.

थोड्या वेळानं
धुक्यातून आधी लाँच आली. मागून छप्पर. छपरावर पत्र्याचं वाकडं ठिगळ. ते मी मारलेलं.
वरच्या खिडकीतून आवाज आला, “उबाल्दो, बाळा, कुठवर पोचलास?”
सगळं गाव हसलं. अर्सेनियोंनी दोर फेकला. गाठ येत नव्हती, म्हणून तो कमरेलाच गुंडाळून ओढला.
घरानं माझ्याइतकाच प्रवास केलाय. एका सकाळीत, छपरासकट.
पुढचं नंतर. आई आलीय. चूल पेटवायला हाक मारतेय.