झोप येत नाही, की येऊन मोडते?

तिरुवैयारु,
७ जून २०२१

चि. अखिलास आत्याचे आशीर्वाद.

फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून कागद घेतला. तुला आपली घरची मराठी लिहायला शिकवलं ते आता वसूल करते. तुझे अप्पा म्हणाले, तू नर्सची नोकरी सोडणार आहेस. मी रागावले नाही. पण जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, विचारायची खोड जात नाही. झोप येतच नाही, की येऊन मोडते? जाग येताना काय ऐकू येतं? जेवण गोड लागतं का? थापा मारल्यास तर अक्षरावरून ओळखीन.

उत्तराची वाट पाहणारी,
नागलक्ष्मीआत्या

तंजावूर,
१२ जून

ती. आत्यास सा. न.

येते, आणि मोडते. कोविड वॉर्डातल्या मशीनची शिट्टी ऐकू येते. उठून बसते, तर हॉस्टेलची खोली असते, पंखा फिरत असतो. जेवण मातीसारखं लागतं. आणखी एक विचित्र गोष्ट. परवा माझ्याकडची एक पेशंट बाई गेली, वयानं माझ्याएवढी. मी चादर ओढली आणि पुढच्या खाटेकडे गेले, काहीच वाटलं नाही. दुपारी मेसमध्ये रसम सांडलं, तर रडू आवरेना. असं का होतं गं? मी दगड झाले का? अप्पांना सांगू नकोस.

तुझी,
अखिला

तिरुवैयारु,
१५ जून

चि. अखिलास आशीर्वाद.

दगड रसमासाठी रडत नाही. का होतं, ते मला ठाऊक नाही. वर्गात मुलांना सांगायची तेच तुला सांगते, ठाऊक नसेल तर ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावं. तुमच्याच इस्पितळात मनाचे डॉक्टर आहेत ना? नोकरी सोडायची तर नंतर सोड. आधी त्यांना भेट, आणि काय म्हणाले ते मला लिही. मला खरोखरच जाणून घ्यायचं आहे.

तुझ्या बाजूची,
आत्या

तंजावूर,
२६ जून

ती. आत्यास सा. न.

गेले. बाहेरच्या बाकावर आमच्या हेड सिस्टर महालक्ष्मी बसल्या होत्या. त्यांचा वॉर्डात एवढा दरारा, की मी मागं फिरणार होते. त्या सरकल्या आणि म्हणाल्या, "बस. माझ्यानंतर तू."

डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, नर्सेसमध्ये सध्या पुष्कळ दिसतो, आणि बरा होतो. रडू साचलं की वाट मिळेल तिथून निघतं, असंही म्हणाले. गोळ्या दिल्यात, रात्रपाळी थांबवली. झोप अजून तुटक आहे, पण काल दहीभाताला चव लागली. राजीनामा तूर्त दिला नाही.

आज ड्यूटी बदलताना महालक्ष्मी सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, की त्यांना झोप लागत नाही, बुधवारी त्या डॉक्टरांकडे जाणार आहेत, सोबत कोण येतंय? कुणी मान वर करेना. मग मी हात वर केला. माझ्यामागून आणखी तिघींनी केला.

तुझे प्रश्न असेच येऊ देत.

तुझी,
अखिला