ताईच्या डिग्रीचं लॅमिनेशन

प्रिय आप्पा,

जय भीम.

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होता तेव्हा कधी धड चार वाक्यं बोललो नाही, आणि आता वहीची मधली पानं फाडून बसलोय. हसताय ना? हसा. पण तुमच्यासाठी एक निरोप आलाय. फोटोपुढं उभा राहिलो, तर तोंडातून निघेना. म्हणून लिहितोय.

परवा सकाळी ताईचा फोन आला, ऑस्ट्रेलियातून. मी शिरूरला होतो, माझ्या पिकअपमध्ये हमाल कांदा भरत होते. "भिंगऱ्या, झालं रे! लायसन आलं! आता मी इथं माझ्या नावानं पेशंट बघणार!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की गोण्या उचलणारा बिहारी भाई घाबरलाच. "क्या हुआ भैया?" म्हटलं, "मेरी बहन डॉक्टर बन गई!" तो म्हणतो, "आप तो बोले थे, वो पहले से डॉक्टर है!" त्याला कसं समजावू आप्पा, आमच्या ताईला दोनदा डॉक्टर व्हावं लागलं म्हणून?

मग ताईनं आवाज खाली आणला. आणि म्हणाली, "आप्पांच्या फोटोला सांग. म्हणावं, त्या लॅमिनेशनचं माझ्या मनात काही नाही. माफ केलं मी त्यांना, कधीच."

हा तो निरोप. दिला.

पण तिनं माफ केलं ते चुकीच्या माणसाला. हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं आणि मला. आता एकट्या मलाच.

तुम्हाला आठवतंय, लग्न होऊन ताई तिकडं गेली तेव्हा तुम्ही गावभर सांगत होता, पोरगी फॉरेनला दवाखाना टाकणार? आणि मग तिचा पहिला व्हिडिओ कॉल आला. ती दुसऱ्याच डॉक्टरणीच्या दवाखान्यात होती, पेशंटच्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरून उभी राहायचं काम. तुम्ही विचारलं, "का गं? हितले दात आन् तिथले दात येगळे असत्यात व्हय?" ती म्हणाली, "दात सारखेच आप्पा. कागद वेगळे."

मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. आधी तिकडची कौन्सिल कागद तपासणार. कागद बरोबर निघाले तर लेखी परीक्षा. त्यात पास झालं तर हाताची परीक्षा, रबरी गालाच्या पुतळ्याच्या तोंडात प्लॅस्टिकचे दात कोरायचे. इंग्रजीची परीक्षा वेगळीच, आणि तिचा निकाल जुना झाला की पुन्हा द्यायची. हे सगळं पार पडलं की मग नाव लागणार. तुम्ही अर्धा तास ऐकलंत आणि म्हणालात, "म्हंजी पयलं कागद. मग कागदाचं माझ्याकडं लागलं."

कागद म्हटलं की तुमच्या अंगात यायचं! तुमचा शाळेचा दाखला वाळवीनं खाल्ला, जन्मतारखेचा पुरावा गेला, आणि ग्रामपंचायतीत पाण्याचे वॉल्व्ह सोडायचं काम कायम न होता आयुष्यभर कच्च्यावरच राहिलं. तेव्हापासून घरात आला कागद की चालला लॅमिनेशनला. रेशनकार्ड, लाईटबिल, गाईच्या लसीचं कार्ड. माझा नववी नापासाचा निकालसुद्धा! नापासाचा निकाल लॅमिनेट करणारा बाप दौंड तालुक्यात दुसरा दाखवा. मी म्हटलं, फाडून टाका की. तर तुम्ही, "असू दे. कंचा कागद कवा लागंल, सांगता येत न्हाई." अजून आहे तो. पाण्यात टाकला तरी नापासच राहील.

कुठं होतो मी? हां. डिग्री.

ताईनं तुम्हाला फोनवर दोनदा बजावलं होतं. "आप्पा, डिग्री लॅमिनेट करू नका हं. तिच्यावर सरकारी शिक्का घ्यायचाय, लॅमिनेट केलेल्या कागदावर देत नाहीत." आणि तुम्ही ते नीट ऐकलं होतं. मी साक्षीदार आहे. मला दौंडला पाठवताना तुम्हीच म्हणालात, "ध्यानात ठेव. झेरॉक्स काढायची आन् झेरॉक्स लॅमिनेट करायची, आपल्या भितीवर लावायला. खरी डिग्री फोल्डरमधी. उलटं करू नगं." भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होतात. आई म्हणाली, "आधी वस्तू तर येऊ द्या." तुम्ही म्हणालात, "खिळा तयार असला की वस्तू येती."

स्टेशनासमोरच्या दुकानात गर्दी होती. मी उभा होतो, खरंच उभा होतो. तेवढ्यात संत्या गाडीवर आला. "इनामगावला चाललोय, घोडनदीच्या कडंला. ते जुनं टेकाड बघायचं म्हणत होतास ना? येतो का?" तुम्ही मला भिंगऱ्या म्हणायचात ते काय उगीच? पिशवी काउंटरवर टाकली. "शेठ, झेरॉक्स काढा. एक लॅमिनेट करा, एक फोल्डरात घाला." कोणती कशात, ते सांगितलंच नाही. बसलो गाडीवर.

टेकाडावर काही नव्हतं तसं. ऊन, बाभळी, आणि मातीत खापराचे तुकडे. हजारो वर्षांपूर्वी तिथं लोक राहत होते म्हणे, आणि त्यांच्या मडक्यावरची रेघ अजून दिसते! मी तो तुकडा हातात घेऊन किती वेळ बसलो होतो. तिकडं दुकानात ताईच्या डिग्रीवर गरम रूळ फिरत होता.

घरी आल्यावर पिशवी तुम्ही उघडली. डिग्रीवर विद्यापीठाचा उठावाचा शिक्का असतो, तिथं अंगठा फिरवलात, एकदा, दोनदा. "शिक्का हाताला लागंना रं," एवढंच म्हणालात.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं! तुम्ही गॅसवर पाणी ठेवलंत, वाफ धरलीत, आणि ब्लेडनं एक कोपरा सोडवायला बसलात. कागद सुटला, पण त्याच्याबरोबर सहीचं शेपूट निघून आलं. तुम्ही ब्लेड खाली ठेवलंत. दुसऱ्या दिवशी आपण दोघं मुंबईला गेलो, त्या सरकारी शिक्क्याच्या ऑफिसात. खिडकीवरचा माणूस भला होता, आत नेऊन विचारून आला. "बाबा, नाही होणार. विद्यापीठातून दुसरी प्रत काढा."

संध्याकाळी ताईचा फोन. स्पीकरवर. "कुणी केलं हे?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात. "मी केलं. हाताला सवय, दुसरं काय."

"दोनदा सांगितलं होतं आप्पा! दोनदा!"

"व्हय. चुकलं माझं."

"तुमच्या अडाणीपणापायी मी इथं नळी धरून उभी आहे!"

फोन बंद झाला. आई पदरानं डोळे पुसत आत गेली. तुम्ही वॉल्व्हची चावी घेऊन पाणी सोडायला निघालात आणि मी मागं मागं. म्हटलं, आप्पा, मी सांगतो तिला. तुम्ही चावी फिरवत होता, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "गप ऱ्हा. बापावरचा राग जातो. तुझ्यावरचा जायचा न्हाई, तुझं आधीच लय साठलंय. मी किती वर्षं हाय? पुढं तुम्ही दोघंच."

मी गप्प राहिलो. खरं सांगू? मला बरंच वाटलं तेव्हा. सुटलो, असं वाटलं.

दुसरी प्रत यायला कितीतरी महिने गेले. तोवर इंग्रजीचा निकाल जुना झाला, ती परीक्षा पुन्हा. लेखी परीक्षेची जागा हुकली. ताई नळी धरून उभीच. फोन करायची, पण आईशी बोलायची. तुम्हाला एकच प्रश्न, "जेवलात का?" तुम्ही म्हणायचात, "जेवलो," आणि फोन आईकडं द्यायचात. त्यानंतर घरातला एकही कागद तुम्ही लॅमिनेट केला नाहीत. लाईटबिलं नुसतीच डब्यात साठत गेली.

आणि त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. ताई पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. ती त्या खिळ्याखाली बसून होती, तिला ठाऊकच नव्हतं तो कशाचा ते. मी शेजारीच बसलो होतो. तेव्हाही बोललो नाही! तुम्ही म्हणाला होतात ना गप ऱ्हा, हे मनाशी म्हणत राहिलो. सोपं होतं ते.

आप्पा, तुम्ही हे बरं नाही केलंत. आम्हा दोघांचं तुटू नये म्हणून तुम्ही तुमचं तिच्याशी तोडलंत. ती रडायची, आईनं सांगितलंय मला, "आप्पांना असं बोलायला नको होतं" म्हणून. आता ती मोठ्या मनानं माफ करतेय, आणि करतेय ते एका निर्दोष माणसाला. परवा फोनवर मी "हां ताई, सांगतो" म्हणालो, आणि दिवसभर कांद्याच्या गोण्या मोजताना चुकत राहिलो.

काल दौंडला गेलो होतो. ताईनं लायसनचा कागद मोबाईलवर पाठवलाय. त्याच दुकानात रंगीत प्रिंट काढली. शेठनं ओळखलं. "अरे, या वेळी कोणतं लॅमिनेट?" म्हटलं, हीच. आणि काउंटरपासून हललो नाही. संत्या बाहेरून हॉर्न देत होता, चहाला चल म्हणत होता. नाही गेलो. कागद रुळाखाली जाताना बघितला, बाहेर येताना बघितला, कडा कापून हातात घेतला. अजून गरम होता.

आता तो पिशवीत आहे. खुटबावला घरी आलोय, तुमच्या फोटोसमोर बसून हे लिहितोय. तुमच्या शेजारी खिळा तसाच आहे, रिकामा. आई सकाळपासून म्हणतेय, लाव की. नाही लावला.

रविवारी सकाळी ताईचा फोन येतो. ती काही बोलायच्या आत मी सांगणार आहे, संत्या, टेकाड, काउंटर, सगळं. तुमचा वॉल्व्हजवळचा शब्द मोडणार आहे मी आप्पा, त्याची माफी. ती चिडेल. कदाचित पुढचं वर्षभर मलाच "जेवलास का?" एवढंच विचारेल. विचारू दे. मी रोज सांगेन, जेवलो म्हणून, आणि फोन आईकडं देणार नाही. तुम्ही सोसलंत तेवढं मलाही जमेल, बघू.

आधी फोन. मग खिळा. हा शब्द तुम्हाला दिला.

तुमचा,
भिंगऱ्या