शेवटच्या ओळीतलं नाव

अकोला,
२० एप्रिल १९६२

प्रिय देवमन,

चौदा तारखेला जयंतीच्या कार्यक्रमात तुझा आवाज पार भाजीबाजारापर्यंत गेला म्हणतात. त्यातलं थोडं कौतुक मशीनवाल्याच्या वाट्याला येऊ दे. तो मी होतो. लाऊडस्पीकरवाला उत्तमराव ऐन वेळी मोर्शीच्या लग्नाला निघाला आणि जाताजाता मला शिकवून गेला. माईक दोन, बटनं दोन. एक तुझं, एक कोरसचं. माईक भोंग्यासमोर आला की शिट्टी मारतो. मी बटन जरा जोरात फिरवलं, तर म्हणतो कसा, "मास्तर, हा पोट्ट्याचा कान नोय! कावून मुरगाळून राहिले?" पण शिकलो. कोणाचा आवाज पोचवायचा आणि कोणाचा दाबायचा, हे कळायला एक दुपार पुरली. आपल्या पुढाऱ्यांना त्यासाठी निवडणूक लढवावी लागते.

त्या दिवशी तू गायलास ते गाणं माझं. आपल्या गायनपार्टीत लिहिणाऱ्याचं नाव शेवटच्या ओळीत येतं, हे तुला मी सांगायला नको. माझ्या ओळीत 'सांगे मोतीराम' होतं. त्याचं 'सांगे देवमन' कधी झालं, तुला आठवतं? पहिल्यांदा वाटलं, गाण्याच्या भरात झालं असेल. मग वाटलं, जाऊ दे, दोस्त आहे. पुढं लोक तुलाच गाणी मागायला लागले. अक्षरंही चारच, चालीला धक्का नाही, पेटीवाल्याला त्रास नाही. इतक्या निगुतीनं केलेल्या कामाला मास्तर म्हणून मी पैकीच्या पैकी गुण देतो.

तर त्या दिवशी शेवटची ओळ आली आणि मी तुझं बटन उतरवलं, कोरसचं चढवलं. कोरसमध्ये माझी शालू होती. हे गाणं तिनं आमच्या ओसरीवर, माझ्या तोंडून पाठ केलेलं. बापाचं नाव निदान लेकीच्या आवाजात भोंग्यातून जावं, एवढाच मतलब. गेलं ते तुझं नाव. स्वच्छ, सुरात, आणि माझ्याच हातानं मोठं केलेलं.

घरी विचारलं, तर पोरगी म्हणते, "काकानं सांगतलं तसंच म्हनलं, बाबा. आन् तुमी तरी काकाले कवा काई बोलले?" तिची आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "ते कायचे बोलतात! ते फकस्त इनोदी लिवतात."

म्हणून इथून पुढं विनोदी लिहीत नाही. तू शालूजवळ निरोप दिलास की अमरावतीच्या मंडपातही हेच गाणं घेणार आहेस, आणि मशीनवर मोतीरामच पाहिजे, त्याचा हात चांगला बसलाय. येतो. शेवटच्या ओळीत कोणाचं नाव घ्यायचं, ते तू ठरव. ती ओळ मंडपाबाहेर जाऊ द्यायची की नाही, ते मी ठरवीन.

अजून तरी तुझाच,
मोतीराम